बिशेंता म्हणाली, पश्चिमेला

इत्साल्दे गावात कुणाला शिव्या खायची हौस असेल तर लांब जायला नको. बंदरावर बिशेंताच्या शेगडीपाशी जावं आणि मासा व्हायला अजून किती वेळ, एवढं विचारावं. पुढचं ती बघून घेई. खाणावळीच्या भिंतीला लागून, थेट पाण्याकडे तोंड करून तिची शेगडी, आणि शेगडीमागे काळा एप्रन बांधून, हातात लांब चिमटा घेऊन ही बाई उभी. उन्हाळ्यात पाहुण्यांची झुंबड उडायची. रंगवलेल्या घरांचे फोटो काढायचे, धक्क्यावर एक चक्कर मारायची आणि मग टेबलाशी बसून धुराचा वास घेत ताटकळायचं, हा त्यांचा कार्यक्रम. पण ती मासा असा भाजून द्यायची की शिव्या खाल्लेला माणूस पुढच्या वर्षी बायकोमुलांना घेऊन यायचा.

या बाईचं एक व्रत होतं. समुद्रावर निघालेल्या माणसाला कुठे चाललास, कधी येशील, हे विचारायचं नाही. तसं ते सगळ्या गावाचंच, पण बाकीचे नुसते पाळायचे आणि ही जिवापाड जपायची. ती लहान असताना बाप एका पहाटे दार ओढून निघाला, तेव्हा आईने सहज विचारलं होतं, "जेवायला येशील ना?" तो आला नाही. आता तुम्ही म्हणाल, त्याला वादळ कारण, प्रश्न नव्हे. म्हणा की. बिशेंताच्या समोर म्हणू नका म्हणजे झालं.

आणि एखाद्या शहाण्याने विचारलंच, तर त्याला खरं सांगायचं नाही, ही गावाची दुसरी रीत. मासा लागतो ती जागा म्हणजे घरातलं सोनं. पूर्वेला जायचं असलं की पश्चिमेकडे बोट दाखवायचं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. बिशेंताचा नवरा हिलारिओ तर यात उस्ताद होता. तो इतक्या निरागस चेहऱ्याने खोटं सांगायचा की सख्खे भाऊ त्याच्या शब्दावर जाऊन रिकामी जाळी घेऊन परतायचे. छातीच्या आजाराने तो घरच्या पलंगावर गेला, समुद्राने नव्हे. इत्साल्देत याला भाग्य म्हणतात.

त्याच्यामागे राहिली त्याची छोटी होडी आणि एकुलती एक पोर, उसोआ. होडी विकून टाकायची असं बिशेंताने ठरवलं होतं. गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. पण ही पोरगी बिल्बाओतली दातांच्या दवाखान्यातली चांगली नोकरी सोडून आली, बापाचे बूट पायात चढवले आणि होडी घेऊन माकूल धरायला गेली. बाईमाणूस होडीवर! जुन्या लोकांनी कानांवर हात ठेवले. बिशेंताने मात्र जे केलं ते कुणीच केलं नाही. भर मासळी बाजारात, लिलावाला जमलेल्या सगळ्या गावासमोर ती लेकीला म्हणाली, "तू मच्छिमार नव्हेस. बापाची होडी घेऊन खेळतेयस. भातुकली आहे तुझी ही."

उसोआने हातातली टोपली खाली ठेवली आणि चालू लागली.

त्याला दोन उन्हाळे झाले. दोघी एकाच घरात राहायच्या, एकाच जिन्याने चढउतार करायच्या, पण बोलणं म्हणाल तर शून्य. उसोआ माकुलांची बादली शेगडीच्या पायाशी ठेवून जायची, बिशेंता ती न बोलता उचलायची. पोर समुद्रावर गेली की हिचा जीव टांगणीला लागायचा, हे सगळ्या बंदराला ठाऊक होतं. पण तोंडातून चकार शब्द नाही. कळायचं ते यावरून: पोर निघाली की हिचा राग दुपटीने वाढायचा आणि त्या दिवशी पाहुण्यांना दुप्पट शिव्या बसायच्या.

गोष्ट त्या ऑगस्टमधली. तेव्हा खिशात फोन नव्हते आणि लहान होड्यांवर बिनतारी यंत्रही नव्हतं. सकाळपासून दक्षिणेचा वारा सुटला होता, डोंगरावरून येणारा, भट्टीसारखा. समुद्र तेल ओतल्यासारखा सपाट. शेगडीचा धूर पाण्याकडे झुकलेला. बाहेरची सगळी टेबलं भरलेली, आणि पहिल्या टेबलाशी सारागोसाचा आउरेलिओ बसलेला. हा चष्म्यांचा दुकानदार दरवर्षी बायकोला घेऊन यायचा. माणूस सज्जन, पण तोंडाला विश्रांती नाही.

एवढ्यात उसोआ वल्ही खांद्यावर टाकून जिना उतरली. आईकडे न बघता शेगडीजवळून पुढे गेली.

"काय गं पोरी," आउरेलिओने हाक मारली, "एवढ्या उन्हात निघालीस कुठे? आणि येणार कधी?"

बिशेंताचा चिमटा हवेतच थांबला.

"ओ सारागोसावाले!" ती गरजली. "तोंडात मासा आहे ना? मग तो चावा! आमच्याकडे असं विचारत नाहीत!"

"अहो बाई, मी आपलं सहज..."

"सहजच विचारतात सगळे!"

उसोआ थांबली होती. तिने हात लांब केला, पूर्वेकडे बोट दाखवलं आणि अख्ख्या बंदराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काळ्या खडकांकडे चाललेय. संध्याकाळी तुमच्या ताटात माकूल असतील."

कठड्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांत खसखस पिकली. "ऐकलंत का, काळे खडक म्हणे!" मातियास म्हणाला. हा एकेकाळचा तांडेल, आता कठड्याचा मालक. "हिलारिओची लेक शोभतेस गं! म्हणजे आज पश्चिमेला माकूल आहेत तर!"

उसोआ हसली नाही. होडीत उतरली, मोटर सुरू केली आणि बंदराच्या तोंडातून बाहेर पडली. बाहेर पडल्यावर कुठे वळली हे धक्क्याच्या भिंतीआडून कुणालाच दिसलं नाही. बिशेंताने तर मान वर करून बघितलंसुद्धा नाही. ती मासा उलटवत होती.

दुपार कलायला लागली. पाहुणे पोटभर खाऊन सुस्तावले होते, आंबट पांढऱ्या वाइनच्या बाटल्या टेबलांवर रिकाम्या होत होत्या. बिशेंताने जाळीत एक मोठा चपटा मासा दाबून बसवला, तेल-व्हिनेगरचा शिपका मारला आणि धुरातून डोळे चोळले.

धूर सरळ वर जात होता.

तिने पुन्हा बघितलं. मघापर्यंत पाण्याकडे झुकलेला धूर आता खांबासारखा ताठ उभा. वारा पडला होता. पाहुण्यांपैकी कुणी तरी म्हणालं, "हुश्श, जरा बरं वाटलं." बिशेंताने चिमटा खाली ठेवला. तिने वायव्येकडे बघितलं. तिथे समुद्र आणि आकाश जिथे मिळतात तिथे एक मळकट तपकिरी रेघ उठली होती.

मग धुराने मान वळवली आणि तो तिच्याच तोंडावर आला.

"गालेर्ना!" ती ओरडली. "गालेर्ना! आत व्हा सगळे! छत्र्या सोडा, आत व्हा!"

आमच्या किनाऱ्यावर जन्मलेल्या माणसाला हा शब्द दोनदा सांगावा लागत नाही. हे वादळ चाहूल देत नाही, थेट अंगावर येतं. पाहुणे मात्र एकमेकांकडे बघत बसले, आणि त्यांचं बघणं संपायच्या आत वारा येऊन आदळला. मोठ्या छत्र्या मुळासकट उपटून गेल्या, ताटं-बाटल्या फुटल्या, मेजाची चादर एका बाईच्या तोंडावर जाऊन बसली. घामाने निथळणाऱ्या माणसांचे गारठ्याने दात वाजायला लागले. समुद्र, जो तेलासारखा होता, तो धक्क्याच्या भिंतीवरून उड्या मारत आत यायला लागला.

बाहेरच्या होड्या जीव घेऊन बंदराकडे धावल्या. एकेक आत आली तसा मातियास कठड्याला दोन्ही हातांनी धरून नाव पुकारत होता. बायका धक्क्यावर धावल्या. ज्यांची माणसं आली त्या रडत होत्या, आणि हळूहळू सगळ्यांचीच आली.

एक सोडून.

बिशेंता शेगडी सोडून धक्क्यावर आली होती. तिच्यामागे तो मोठा मासा जळून कोळसा होत होता. सगळ्या आयुष्यात तिने निखाऱ्यांवर मासा टाकून असं कधी पाठ फिरवली नव्हती. लोकांनी ते बघितलं आणि तिला वाट करून दिली.

बचावाच्या लाँचवर एर्रामुन आणि त्याचे चार गडी अंगात जाकिटं चढवत होते. एर्रामुन हिलारिओचा जिवलग दोस्त. तो उडी मारून धक्क्यावर आला.

"बिशेंता, पोर कुठे आहे?"

"माहीत नाही."

"अगं, नीट आठव. पूर्वेला गेलो तर वारा पाठीवर घेऊन जाईन, पण तो पडेपर्यंत मला त्याच्या तोंडावर परत येता येणार नाही. पश्चिमेला जायचं तर आत्ता, म्हातारीच्या टोकाच्या कड्याआडून. एकच काहीतरी होईल. कुठे जाऊ?"

"पूर्वेला!" मागून आवाज आला. आउरेलिओ. चष्मा पाण्याने आंधळा झालेला, केसांचं घरटं झालेलं, तरी आला होता. "पूर्वेला जा! काळ्या खडकांकडे! मी माझ्या कानांनी ऐकलंय, मलाच तर सांगितलं तिने!"

"तुम्हाला सांगितलं म्हणूनच नाही!" मातियास खेकसला. "परक्या माणसाला कुठला मच्छिमार खरी जागा सांगतो? ती पूर्व म्हणाली म्हणजे पश्चिमेला गेली. हिलारिओनं तर मला, स्वतःच्या मेव्हण्याला, तीस वर्षं फसवलं!"

"पण ती कशाला खोटं बोलेल?" आउरेलिओ रडकुंडीला आला. "एवढी साधी मुलगी!"

"साधी असेल तर पूर्वेला," मातियास म्हणाला. "मच्छिमार असेल तर पश्चिमेला."

आणि सगळ्यांच्या नजरा बिशेंताकडे वळल्या. कारण भर बाजारात काय बोललं गेलं होतं ते तिथल्या प्रत्येकाला आठवत होतं.

एर्रामुनने बिशेंताचे दोन्ही खांदे धरले. "तुझी पोर आहे. तू सांग."

बिशेंताने तोंडावरचं पाणी पुसलं. पावसाचे थेंब आता आडवे लागत होते. काय विचारत होता तो? लेक कुठे आहे एवढंच नव्हतं ते. लेक कोण आहे, हे विचारत होता. ती नुसती खेळत असेल, होडीत बसलेली दवाखान्यातली पोर असेल, तर भोळेपणाने खरं बोलली असेल. आणि तसं नसेल तर? पहाटे अंधारात उठून एकटी जाणारी, हाताला घट्टे पडलेली, कधी रिकाम्या बादलीने न परतलेली. ती बादली रोज कोण उचलत होतं? बिशेंताला सगळं ठाऊक होतं. दोन वर्षं ठाऊक होतं. पण जिभेवर येऊ दिलं नव्हतं.

"ती मच्छिमार आहे," ती म्हणाली. आवाज चिरकला, म्हणून तिने पुन्हा मोठ्याने सांगितलं. "माझी पोर मच्छिमार आहे. बापासारखी. ती खोटं बोलली. पश्चिमेला जा."

लाँच निघाली. बंदराच्या तोंडाशी ती एका लाटेवर उभीच्या उभी राहिली, आणि मग ती पश्चिमेला वळून दिसेनाशी झाली.

मच्छिमार संघाच्या कचेरीत बिनतारी यंत्र होतं. सगळे तिथे कोंबून बसले. गड्यांच्या बायकाही आल्या. त्या बिशेंताला काही बोलल्या नाहीत, पण तिच्या शेजारीही बसल्या नाहीत. पाच घरची माणसं तिच्या एका शब्दावर गेली होती. आउरेलिओ दाराशी भिजत उभा होता. बायको त्याला बोलवायला आली, तर तो तिला म्हणाला, "तू जा. मला इथून हलवत नाही." त्याला आपण त्या पोरीला विचारलं, याचाच धसका बसला होता.

यंत्र खरखरलं. एर्रामुनचा आवाज. "टोकाजवळ काही नाही. पुढे जातोय."

"पुढे कशाला?" एका गड्याच्या बायकोचा हात तोंडावर गेला. "पुढे तर उघडा समुद्र!"

बिशेंता भिंतीकडे बघत बसली होती. आता तिच्या डोक्यात एक गोष्ट किड्यासारखी पोखरायला लागली. हिलारिओ खोटं सांगायचा तेव्हा पुटपुटायचा. तोंडातल्या तोंडात, जणू नाइलाजाने जागा सांगतोय अशा थाटात. खोटं सगळेच तसं सांगतात. मग पोर ओरडून का बोलली? पाहुणा तर हाताच्या अंतरावर बसला होता. त्याला सांगायला एवढा आवाज कशाला?

"मातियास," ती हळूच म्हणाली, "मातियास, मी पोरीला मारलं रे."

"गप बस," मातियास म्हणाला. पण त्याचाही चेहरा पांढरा पडला होता.

यंत्र पुन्हा खरखरलं. "इथेही काही नाही. अजून थोडं बघतो."

अजून थोडं. मग अजून थोडं. खिडकीच्या काचा थडथडत होत्या. कुणीतरी मेणबत्ती लावली, कुणीतरी ती विझवली, कारण मेणबत्ती बघून एकीला रडू फुटलं. बिशेंता उठून यंत्राजवळ गेली. त्यांना परत बोलवावं तर पोरीची आशा सोडल्यासारखं, न बोलवावं तर या बायकांच्या डोळ्यांत बघायचं कसं? बटणावर बोट ठेवून ती तशीच उभी राहिली.

तेव्हा बाहेरून ट्रॅक्टरचा आवाज आला.

डोंगराच्या रस्त्यावरून, पूर्वेकडच्या रस्त्यावरून, एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर उतरत होता. मागच्या गाडीत ओल्या गवतावर, गोणपाट पांघरून उसोआ बसली होती. एका पायात बूट, दुसरा पाय अनवाणी, कपाळावर खोक. तिने वादळ येताना बघितलं होतं आणि होडी सरळ काळ्या खडकांमागच्या खाचेत घातली होती. होडीचे तुकडे झाले. पोर कपारीला चिकटून वर चढली.

ती दारात आली आणि कचेरीतले सगळे उठून उभे राहिले. बिशेंता बटणावरचं बोट काढून दाराकडे वळली.

"लाँच कुठेय?" उसोआने विचारलं. "मी वरून बघितली. ती पश्चिमेला का गेली? कुणी पाठवली?"

"मी," बिशेंता म्हणाली.

"तू? अगं, पण मी पूर्वेला म्हटलं होतं ना!"

"मला वाटलं, खोटं सांगितलंस. मच्छिमार सांगतात तसं."

उसोआने गोणपाट अंगाभोवती ओढलं. ओठ निळे पडले होते, ते थरथरत होते.

"मी त्यांना कुठे सांगत होते, आई?" ती म्हणाली. "तुला सांगत होते. तू कधी विचारणार नाहीस हे माहीत होतं मला. मला वाटलं, आज वारा विचित्र आहे, निदान तुझ्या कानावर असावं."

दाराशी आउरेलिओ हुंदके देऊन रडायला लागला. मातियासने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

बिशेंताने बटण दाबलं. "एर्रामुन. परत ये. पोर आली. जिवंत आहे." तिने श्वास घेतला. सगळा किनारा ऐकत होता, शेजारची तिन्ही बंदरं ऐकत होती. "ती खरं बोलली होती. पूर्वेलाच होती. मी चुकले. तुमची पाच जणांची मी माफी मागते."

यंत्र खरखरलं. मग एर्रामुनचा आवाज आला, दमलेला. "देवाची कृपा. फिरलो आम्ही." पुन्हा खरखर. आणि मग, काय सांगावं या माणसांना, "पूर्वेला म्हणजे नेमकं कुठे? माकूल लागत होते का?"

बिशेंताने मान वळवली. उसोआ भिंतीला टेकून उभी होती, कपाळातून रक्त गळत होतं, उभं राहवत नव्हतं, होडीही राहिली नव्हती. तरी तिने आईकडे बघून हलकेच मान हलवली. नाही.

"ते तुला कशाला हवं रे, मेल्या?" बिशेंता यंत्रात ओरडली. "मुकाट्याने घरी ये!"

तिने यंत्र ठेवलं, लेकीला धरलं, आणि भर कचेरीत, सगळ्या गावासमोर, मोठमोठ्याने रडली.